बग रिपोर्टचे वर्गीकरण आणि प्राधान्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील यंत्रमाग कारखाने, बाजार समितीतील आडत दुकाने आणि जिल्ह्यातील साखर कारखाने यांच्यासाठी हिशोब, साठा आणि मजुरीची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या गटात बग रिपोर्टच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधील दोषांच्या नोंदींच्या, छाननीचे काम माझ्याकडे आहे. नवे टेस्टर, इंटर्नशिपसाठी आलेले विद्यार्थी, ग्राहक-सेवेतील सहकारी आणि शहरातील इतर लहान कंपन्यांतले परिचित यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बग रिपोर्टची छाननी म्हणजे नेमके काय करायचे असते?

आलेला प्रत्येक रिपोर्ट वाचून त्याबद्दल काही ठरावीक निर्णय घ्यायचे असतात: हा खरोखर दोष आहे का, तो आधी कोणी नोंदवला आहे का, तो पुन्हा घडवून दाखवता येतो का, तो प्रणालीच्या कोणत्या भागात आहे, त्याने किती नुकसान होते आणि तो केव्हा दुरुस्त करायचा. छाननीच्या वेळी दुरुस्ती करायची नसते. हे आवर्जून सांगावे लागते, कारण अनुभवी डेव्हलपर छाननीला बसला की पहिल्याच रिपोर्टचा कोड उघडतो, त्यात दुपार होते आणि बाकीचे रिपोर्ट न वाचताच राहतात. त्या न वाचलेल्यांत एखाद्या कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागल्याची तक्रार असू शकते.

२. छाननी कोणी करावी? एकट्या टेस्टरने केली तर चालेल का?

पहिली चाळणी एकट्याने करायला हरकत नाही. उलट एकाच व्यक्तीच्या हातून गेल्यास नोंदींत सुसंगती राहते. मात्र दोन निर्णय दोन वेगळ्या नजरांनी घेतले जावेत. दोषाचा परिणाम किती गंभीर आहे, हे तो प्रत्यक्ष पाहणाऱ्याने, म्हणजे टेस्टरने किंवा ग्राहक-सेवेतील व्यक्तीने ठरवावे. तो केव्हा हातात घ्यायचा, हे ग्राहकांचे वेळापत्रक आणि हाताशी असलेली माणसे यांची माहिती असलेल्या प्रकल्पप्रमुखाने ठरवावे आणि त्यासाठी डेव्हलपरकडून कामाचा अंदाज घ्यावा. चार-पाच जणांच्या गटात या सर्व भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात. अशा वेळी निदान क्रम तरी पाळावा: आधी तीव्रता लिहून टाकावी आणि मगच प्राधान्याचा विचार सुरू करावा. उलट क्रमाने गेल्यास, सध्या वेळ नाही म्हणून दोषही किरकोळ वाटू लागतो.

३. तीव्रता आणि प्राधान्य असे दोन रकाने कशासाठी? एकाने भागणार नाही का?

भागत नाही, आणि या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे, अशी माझी विनंती आहे. तीव्रता ही दोषाबद्दलची वस्तुस्थिती आहे: तो घडला तर काय बिघडते. प्राधान्य हा आपल्या वेळेबद्दलचा निर्णय आहे: इतर कामांच्या तुलनेत तो केव्हा दुरुस्त करायचा. वस्तुस्थिती सहसा बदलत नाही. निर्णय दर आठवड्याला बदलू शकतो.

दोन्ही टोकांची उदाहरणे घेऊ. छापील बिलावर ग्राहकाच्या पेढीचे नाव चुकले, तर हिशोबाला काहीही धक्का लागत नाही, म्हणून तीव्रता कमी. पण ते बिल त्याच दिवशी शेकडो हातांत जाणार असते, म्हणून प्राधान्य सर्वांत वरचे. याउलट, काही जुन्या प्रणाली वेळ ३२ बिटांच्या आकड्यात सेकंदांच्या रूपाने साठवतात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. त्यानंतर तारखा थेट १९०१ सालात जाऊ शकतात. तीव्रता अत्यंत गंभीर, तरीही केवळ आजची तारीख वापरणाऱ्या भागासाठी त्याचे प्राधान्य आज खालचे असू शकते. मात्र जो भाग वीस वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक काढतो, तेथे २०३८ आजच आलेले आहे. एकच रकाना ठेवल्यास हा फरक नोंदवायला जागाच उरत नाही आणि पुढच्या वर्षी रिपोर्ट उघडणाऱ्याला, हा दोष किरकोळ होता की पुढे ढकललेला, हे कळत नाही.

४. तीव्रतेच्या किती पायऱ्या ठेवाव्यात?

जितक्या पायऱ्यांमधला फरक गटातील प्रत्येकाला एका वाक्यात सांगता येईल, तितक्याच. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या, १९९८ पासून वापरात असलेल्या बग-नोंदणीच्या साधनात ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, नॉर्मल, मायनर, ट्रिव्हियल अशी उतरंड आणि सुधारणेच्या मागणीसाठी वेगळी पायरी रूढ झाली. डेबियन या, लिनक्स संगणक-प्रणालीच्या एका तयार संचात क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस, इम्पॉर्टंट, नॉर्मल, मायनर आणि विशलिस्ट अशा सात पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या तीन पायऱ्यांचे दोष नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाआड येतात. हा शेवटचा भाग अनुकरणीय आहे, कारण तेथे पायरीला परिणाम जोडलेला आहे. ज्या पायरीमुळे कोणाच्याही कृतीत फरक पडत नाही, ती काढून टाकावी.

आमच्याकडे चार पायऱ्या पुरतात. काम ठप्प होते किंवा नोंदी बिघडतात, तो दोष 'घातक'. मुख्य काम होते, पण त्यातील महत्त्वाचा भाग चालत नाही आणि पर्यायी मार्गही नाही, तो 'गंभीर'. पर्यायी मार्ग आहे, तो 'मध्यम'. दिसण्यापुरता आहे, तो 'किरकोळ'.

५. प्रोग्रॅम बंद पडणे जास्त गंभीर, की चुकीचा आकडा दाखवणे?

चुकीचा आकडा. नवीन टेस्टरचा कल नेमका उलट असतो, कारण बंद पडलेली खिडकी डोळ्यांत भरते आणि चुकीची बेरीज बरोबर बेरजेसारखीच दिसते.

यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटताच माग थांबला, तर कामगार गाठ मारून पुढे जातो. धागा तुटूनही माग चालू राहिला, तर पुढचे सगळे टॉवेल दोषासह विणले जातात आणि ते तपासणीच्या टेबलावर आल्यावर कळते. सॉफ्टवेअरचे तसेच आहे. मजुरीच्या पत्रकाचा प्रोग्रॅम बंद पडला, तर मेहताजी फोन करतात, तासाभरात काहीतरी मार्ग निघतो. पण रात्रपाळीचे उत्पादन मध्यरात्रीनंतर दुसऱ्या तारखेला जमा होत असेल आणि आठवड्याच्या शेवटच्या रात्रीचे डझन पत्रकातून गळत असतील, तर कामगाराच्या हातात कमी पैसे पडतात, ते खर्च होऊन जातात, आणि दोष सापडल्यावर मागच्या सर्व आठवड्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. कोड एका दिवसात दुरुस्त होतो. बिघडलेल्या नोंदी आणि गेलेला विश्वास यांना कितीतरी अधिक काळ लागतो.

म्हणून 'मुकाट्याने चुकते' असा शेरा असलेला प्रत्येक रिपोर्ट आम्ही आपोआप घातक मानतो आणि तो त्या पायरीवरून खाली आणायचा असेल, तर कारण लेखी मागतो. अशा रिपोर्टमध्ये आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: आतापर्यंत चुकलेल्या नोंदी शोधायच्या कशा? त्याचे उत्तर मिळेपर्यंत, कोड दुरुस्त झाला तरी, तो बग बंद करू नये.

६. प्राधान्य ठरवताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

तीव्रतेनंतर पाहायचे ते किती ग्राहकांना तो दोष लागतो, किती वेळा लागतो, पर्यायी मार्ग किती त्रासाचा आहे, दुरुस्तीला किती काम आहे आणि त्या दुरुस्तीने दुसरे काही बिघडण्याचा धोका किती आहे. एवढे सर्वच पुस्तकांत सापडते. प्रत्यक्षात निर्णय फिरवणारी गोष्ट म्हणजे ग्राहकाचे कॅलेंडर, आणि ते छाननीच्या टेबलावर कायम उघडे असावे.

आमच्या कॅलेंडरवर काय असते ते सांगतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कराचा एकत्रित हिशोब) ची २० तारखेपर्यंत असते. त्यामुळे विक्रीच्या अहवालातील जो दोष महिन्याच्या २३ तारखेला शांतपणे पुढे ढकलता येतो, तोच ८ तारखेला सर्वांच्या पुढे जातो. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम थंडीत जोरात असतो; त्या काळात वजनकाट्याशी जोडलेला भाग रात्रंदिवस चालतो आणि तेथील मध्यम दोषही आम्ही वर घेतो, कारण ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यायची असते आणि ते बिल काट्याच्या नोंदींवरूनच निघते. तोच दोष जूनमध्ये सापडला, तर पुढच्या हंगामाच्या चाचणीपर्यंत थांबू शकतो. यंत्रमाग कारखान्यांत दिवाळीपूर्वी बोनसचा हिशोब असतो. सर्वांसाठी १ एप्रिल असतो, जेव्हा बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात; क्रमांकाचा दोष जानेवारीत सापडला, तर तीन महिने आहेत असे वाटते, पण ग्राहकांकडे नवी आवृत्ती पोहोचायला लागणारा वेळ त्यातून वजा करावा लागतो.

उलट बाजूही पाहावी. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्याकडे माणसे कमी असतात. त्या आठवड्यात जोखमीची दुरुस्ती पाठवून ती उलटली, तर सावरायला कोणी नसते. अशा वेळी दोष ठाऊक असतानाही दुरुस्ती चार दिवस थांबवणे हाच योग्य निर्णय ठरू शकतो.

७. ग्राहक प्रत्येक तक्रार 'अर्जंट' म्हणूनच पाठवतात. त्यांच्यातून निवड कशी करायची?

'अर्जंट' हा शब्द पुसू नये आणि त्यावर वादही घालू नये; तो ग्राहकाच्या शब्दांत जसाच्या तसा नोंदवावा आणि आपले प्राधान्य वेगळ्या रकान्यात लिहावे. निवड करण्यासाठी दोन प्रश्न पुरतात: "शेठजी, आत्ता कोणते काम अडले आहे?" आणि "हे उद्यापर्यंत झाले नाही, तर काय होईल?" पहिल्याचे उत्तर नेमके असेल, उदाहरणार्थ 'ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी आहे आणि बिल निघत नाही', तर तक्रार खरोखरच तातडीची आहे. उत्तर 'बरेच दिवस असेच आहे' असे आले, तर रांगेत जागा देऊन तारीख सांगावी. माणसाला तारीख कळली की बहुतेक वेळा 'अर्जंट' मागे पडते. काहीच न कळल्यामुळेच तो शब्द पुन्हा पुन्हा वापरला जातो.

आपल्या बाजूनेही एक शिस्त लागते. सर्वांत वरच्या प्राधान्याखाली एका वेळी किती बग ठेवायचे, याची मर्यादा ठरवावी. आम्ही प्रत्येक डेव्हलपरमागे एकच ठेवतो. नवा बग तेथे न्यायचा असेल, तर आधीचा कोणता खाली येणार, हे नेणाऱ्यानेच सांगायचे.

८. रिपोर्टमध्ये किमान काय असले पाहिजे?

काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. सोबत आवृत्तीचा क्रमांक, तारीख-वेळ आणि शक्य असल्यास पडद्याचे छायाचित्र. 'बिल येत नाही' या वाक्याचे आमच्याकडे किमान चार अर्थ निघालेले आहेत: बिल तयारच होत नाही, तयार होते पण छापले जात नाही, छापले जाते पण यादीत दिसत नाही, किंवा व्हॉट्सॲपवर पोहोचत नाही.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घरोघरी बोलली जाते. फोनवर तक्रार घेणाऱ्याने ग्राहकाला त्याच्या भाषेत पूर्ण बोलू द्यावे आणि नोंद मात्र ठरलेल्या साच्यात करावी. ग्राहकाने फॉर्म भरावा असा आग्रह धरला, तर रिपोर्ट येणेच थांबते, आणि न आलेल्या रिपोर्टची छाननी करता येत नाही. छायाचित्रात शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक किंवा कामगाराचा आधार क्रमांक दिसत असेल, तर तो झाकूनच ते रिपोर्टला जोडावे.

९. डेव्हलपर म्हणतो, 'माझ्याकडे होत नाही'. मग रिपोर्ट बंद करायचा का?

लगेच नाही. बगझिलासारख्या साधनांत यासाठी 'वर्क्स फॉर मी' असा वेगळा निकाल आहे, पण तो शेवटी द्यायचा असतो. आधी फरक शोधावा: ग्राहकाची आवृत्ती, त्याच्या नोंदींची संख्या, संगणकाची तारीख लिहिण्याची पद्धत, प्रिंटर, इंटरनेटचा वेग. आमच्या डेव्हलपरच्या संगणकावर पन्नास नोंदी असतात आणि कांद्याच्या हंगामात आडत्याच्या संगणकावर एका दिवसाच्या पट्ट्याच (शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) शेकडो असतात. अनेक दोष तेवढ्या फरकानेच लपतात.

तरीही घडवता आला नाही, तर लॉगमध्ये (प्रोग्रॅम आपल्या कामाची आपोआप ठेवतो त्या नोंदवहीत) जास्तीची नोंद होईल असा बदल करून तो ग्राहकाकडे पाठवावा आणि रिपोर्ट 'माहितीच्या प्रतीक्षेत' ठेवावा. प्रतीक्षेला मुदत असावी. मुदतीनंतर बंद करताना कारण लिहावे आणि पुन्हा घडल्यास तोच रिपोर्ट उघडता येईल, हे ग्राहकाला कळवावे. एक अपवाद आहे: रिपोर्ट नोंदी बिघडण्याबद्दल असेल (प्रश्न ५), तर तो पुन्हा घडवता आला नाही या कारणाने कधीही बंद करू नये.

१०. एकच दोष पाच जणांनी नोंदवला. पाचही ठेवायचे का?

सर्वांत नेमकी माहिती असलेला एक मुख्य ठेवावा, मग तो शेवटी आलेला असला तरी चालेल, आणि बाकीचे डुप्लिकेट म्हणून त्याला जोडावेत. जोडण्यापूर्वी त्यांतील वेगळी माहिती मुख्य रिपोर्टमध्ये आणावी आणि पाचही ग्राहकांना दुरुस्तीनंतर कळवले जाईल याची व्यवस्था करावी. लक्षण सारखे असले तरी कारण सारखेच असते असे नाही. शंका असल्यास 'संबंधित' एवढेच लिहून वेगळे ठेवावेत. चुकीने जोडलेला डुप्लिकेट मुख्य रिपोर्टबरोबर बंद होतो आणि त्याचा दोष तसाच राहतो.

११. हा बग आहे की नवी मागणी, हे कसे ठरवायचे?

ठरलेल्या वर्तनापेक्षा वेगळे घडत असेल तर बग. ठरलेलेच घडते आहे पण ते पुरेसे नाही, तर मागणी. अडचण येते ती काहीच लिहून ठरलेले नसते तेव्हा. तेथे मी एक कसोटी लावतो: या व्यवसायातला जाणकार माणूस हे पाहून 'चुकले' म्हणेल का? शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली आणि तोलाई वजा होऊन निव्वळ रक्कम येत नसेल, तर आमच्या कागदपत्रांत तसे लिहिलेले नसले तरी तो बग आहे. तीच पट्टी शेतकऱ्याला मोबाइलवर संदेशाने जावी, ही मागणी आहे. हा प्रश्न पैशांशी जोडलेला असतो, कारण बग वार्षिक देखभाल करारात दुरुस्त होतो आणि मागणीचे वेगळे बिल होते. म्हणूनच हे वर्गीकरण विक्री विभागाकडे सोपवू नये.

१२. बिलात फक्त एका पैशाचा फरक येतो. एवढ्यासाठी वेळ का घालवायचा?

फरक किती आहे यापेक्षा तो का येतो, हे कळेपर्यंत तीव्रता ठरवता येत नाही. कर प्रत्येक ओळीवर काढून पूर्णांकित करायचा की शेवटच्या बेरजेवर, याबाबत ग्राहकाची आणि आपली पद्धत वेगळी असेल, तर तो नियम ठरवण्याचा विषय आहे आणि किरकोळ आहे. पण रक्कम तरंगत्या दशांश (फ्लोटिंग पॉइंट) प्रकारात साठवली असेल, तर मूळ आकडेच नेमके नसतात, कारण ०.१ सारखा साधा अपूर्णांकही संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत पूर्णपणे मांडता येत नाही. मग हजारो ओळींच्या बेरजेत फरक साचतो आणि खतावणी जुळत नाही. तो दोष घातक असून त्याचा उपाय म्हणजे रक्कम पैशांच्या पूर्ण संख्येत किंवा नेमक्या दशमान प्रकारात साठवणे.

करदरांच्या बाबतीतही कारणच पाहावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले. त्याआधीच्या बिलावरील परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने निघाली पाहिजे. ती आजच्या दराने निघत असेल, तर फरक कितीही छोटा असला तरी तो घातक पायरीचाच दोष आहे.

१३. मराठी अक्षरे नीट दिसत नाहीत, हा दोष दिसण्यापुरताच धरायचा ना?

काही वेळा. अक्षर फक्त पडद्यावर वेडेवाकडे दिसत असेल, तर तो फॉन्टचा प्रश्न आहे. पण 'वऱ्हाडे' किंवा 'कुऱ्हाडे' या आडनावांतील ऱ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र अक्षर म्हणून, र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) यांची जोडी म्हणून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. तिन्ही पडद्यावर सारखे दिसू शकतात. संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. परिणामी एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडतात आणि त्याची निम्मी रक्कम शोधात सापडत नाही. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

म्हणून लिपीविषयक प्रत्येक रिपोर्टवर तीन गोष्टी तपासाव्यात: शोध लागतो का, क्रमवारी बरोबर लागते का, आणि पीडीएफमधून मजकूर कॉपी केल्यावर तोच येतो का. यांपैकी एकही बिघडले असेल, तर तो दोष किरकोळ नाही. आपल्या भाषेतील दोष 'नंतर पाहू' या ढिगात टाकण्याची सवय मला मनापासून खटकते. आमचे बहुतेक ग्राहक दुसऱ्या लिपीत काम करतच नाहीत.

१४. आधी चालत होते आणि नव्या आवृत्तीत बिघडले, अशा दोषाला जास्त प्राधान्य का?

अशा दोषाला रिग्रेशन म्हणतात. ग्राहकाने त्या सोयीवर आपले रोजचे काम बसवलेले असते आणि पुढची आवृत्ती घ्यायला तो कचरतो. मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, विकासात तर वापरकर्त्याचे चालणारे काम बिघडवायचे नाही, हा नियम अतिशय कडकपणे पाळला जातो. व्यावहारिक कारणही आहे: रिग्रेशन ताजे असताना शोधणे स्वस्त असते. गिट या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा प्रत्येक पायरीला बदलांची यादी निम्मी करत जाते, त्यामुळे हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो. आम्ही रिग्रेशनला त्याच्या तीव्रतेवरून मिळणाऱ्या प्राधान्यापेक्षा एक पायरी वर ठेवतो.

१५. सुरक्षेशी संबंधित रिपोर्ट इतरांसारखाच हाताळायचा का?

नाही. तो सर्वांना दिसणाऱ्या यादीत ठेवू नये. पाहण्याचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्यांपुरता असावा आणि ग्राहकांना दुरुस्तीसह कळवावे. तीव्रता मोजण्यासाठी सीव्हीएसएस ही ० ते १० गुणांची पद्धत वापरतात. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ७.० ते ८.९ उच्च आणि ९.० ते १०.० अत्यंत गंभीर मानले जाते. हा गुणांक तीव्रतेचा आहे, प्राधान्याचा नाही: केवळ कार्यालयातल्या बंद नेटवर्कवर चालणाऱ्या संगणकातील ९ गुणांचा दोष, इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवरील ७ गुणांच्या दोषामागे जाऊ शकतो.

दोषाचा कोणी प्रत्यक्ष गैरफायदा घेतल्याचे दिसले, तर विषय छाननीच्या पलीकडे जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यात नमूद केलेल्या प्रकारांच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. आठवड्याच्या बैठकीची वाट पाहायला येथे जागा नाही.

१६. दोष आमच्या कोडमध्ये नसून दुसऱ्याच्या लायब्ररीत (इतरांनी लिहिलेल्या, आयत्या वापरायच्या कोडमध्ये) किंवा सरकारी पोर्टलवर आहे. मग रिपोर्ट आमचा कसा?

ग्राहकाचे काम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अडले असेल, तर रिपोर्ट आपलाच. कारण बाहेरचे आहे, हे स्वतंत्र रकान्यात लिहावे आणि तीव्रता त्यामुळे कमी करू नये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील दोष उघड झाला, तेव्हा त्याला सीव्हीएसएसचे १० पैकी १० गुण मिळाले होते आणि ती लायब्ररी वापरणाऱ्या जगभरच्या गटांना स्वतःची एकही ओळ चुकलेली नसताना काम थांबवून दुरुस्ती करावी लागली. पोर्टल बंद असेल तर आपण ते सुरू करू शकत नाही. पण नोंद जपून ठेवून नंतर आपोआप पाठवणे आणि ग्राहकाला स्पष्ट संदेश दाखवणे आपल्या हातात असते. बग तेवढ्या भागापुरता चालू ठेवावा.

१७. प्रकाशनाच्या आदल्या संध्याकाळी बग सापडला तर?

तो मागच्या आवृत्तीतही आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. असेल, तर नव्या आवृत्तीने परिस्थिती बिघडत नाही आणि सहसा प्रकाशन करता येते. नसेल आणि दोष घातक असेल, तर प्रकाशन थांबवावे. यांच्या मधल्या दोषांसाठी, तो बदल तात्पुरता काढून टाकता येतो का, हे पाहावे. संध्याकाळी घाईने लिहिलेली आणि कोणी न तपासलेली दुरुस्ती हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

१८. वर्षभर कोणी हात न लावलेल्या रिपोर्टचे काय करायचे? 'दुरुस्त करणार नाही' असे लिहिणे उद्धटपणाचे नाही का?

खोटी आशा ठेवण्यापेक्षा ते अधिक आदराचे आहे. दर तिमाहीला सर्वांत खालच्या प्राधान्याची यादी उघडावी, प्रत्येक रिपोर्ट सध्याच्या आवृत्तीवर तपासावा आणि तीनच पर्याय ठेवावेत: तारीख देऊन वर घेणे, आता घडत नसल्याने बंद करणे, किंवा कारणासह 'दुरुस्त करणार नाही'. कारण लिहिताना पर्यायी मार्गही सांगावा. केवळ वय झाले म्हणून यंत्राकडून आपोआप रिपोर्ट बंद करणे मला मान्य नाही. ज्याने वेळ काढून नीट लिहिले, त्याचा रिपोर्ट न वाचता बंद झाला की तो पुढच्या वेळी लिहीत नाही.

१९. डेव्हलपरने तीव्रता स्वतःहून कमी केली. हे चालते का?

कारण लिहिले असेल तर चालते, आणि मग रिपोर्ट देणाऱ्याला ते दिसले पाहिजे. कारण पटले नाही, तर नोंदींतून एकमेकांचा बदल उलटवत बसू नये; बैठकीत ग्राहकाच्या पडद्यावर दोष दाखवावा. वाद बहुधा तीव्रतेचा नसतोच, डेव्हलपरला प्राधान्य खाली हवे असते. तसे असेल, तर प्रश्न ३ नुसार योग्य रकाना बदलावा. बग बंद करण्याचा अधिकार मात्र दुरुस्ती करणाऱ्याकडे नसावा. तपासणाऱ्याने खात्री केल्यावरच तो बंद व्हावा.

२०. एका ग्राहकाला जो बग वाटतो, तीच दुसऱ्याची सोय झाली आहे. अशा वेळी वर्गीकरण कसे करावे?

असे खरोखर घडते. आमच्या एका आवृत्तीत बंद केलेल्या महिन्यातही जुन्या तारखेने मालाची नोंद करता येत होती. एका कारखान्याच्या लेखापालांनी तो दोष म्हणून नोंदवला, कारण त्यांचा साठा विवरणपत्र भरल्यानंतर बदलत होता. दुसऱ्या कारखान्यात बाहेरून विणून येणाऱ्या मालाची चलने उशिरा पोहोचत, म्हणून ते याच वाटेने नोंदी करत होते.

येथे आधी ठरलेले वर्तन कोणते, हे निश्चित करावे. महिना बंद म्हणजे बंद, हे ठरलेले असल्यामुळे पहिला रिपोर्ट बग आहे आणि त्याची तीव्रता घातक आहे. दुसऱ्या ग्राहकाची गरज मात्र खरी आहे, म्हणून ती वेगळी मागणी म्हणून नोंदवावी (प्रश्न ११) आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडाव्यात. दुरुस्ती एकाच वेळी सर्वांकडे न पाठवता, आधी दुसऱ्या ग्राहकाला कळवून त्यांच्यासाठी उशिरा आलेल्या चलनांची वेगळी, कोणी आणि केव्हा केली हे दाखवणारी नोंद तयार ठेवावी. ती तयार होईपर्यंत मूळ दोष पहिल्या ग्राहकाकडे सेटिंगने बंद करता येत असेल, तर तसे करावे आणि त्या सेटिंगची मुदत रिपोर्टमध्येच लिहून ठेवावी.